काही काळाचं घर

नऊ वर्षांची एक मुलगी बालगृहात आहे असं समजू. वडील वारलेले. आई तुरुंगात शिक्षा भोगते आहे, आणि तुरुंगात आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. मामा आहे, पण तो बायकोसह ऊसतोडीला जातो आणि वर्षातले पाच-सहा महिने गावातच नसतो. या मुलीला दत्तक देता येत नाही, कारण तिची आई आहे आणि तिने लेकीवरचा हक्क सोडलेला नाही. घरी पाठवता येत नाही, कारण घराला कुलूप आहे. मग ती बालगृहात राहते. तिथे जेवण मिळतं, शाळा मिळते, अंगावर कपडे असतात. पण रात्री ताप आला तर कपाळावर कुणाचा हात येईल ते त्या दिवशी कुणाची पाळी आहे त्यावर ठरतं.

अशा मुलांसाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे: आईवडिलांची परिस्थिती सुधारेपर्यंत किंवा मूल मोठं होईपर्यंत एखाद्या परक्या कुटुंबाने त्याला आपल्या घरी वाढवायचं. सरकारी भाषेत हे प्रतिपालकत्व. कार्यालयांत आणि संस्थांत सगळे फॉस्टर केअर असंच म्हणतात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या ४४व्या कलमात ही तरतूद आहे. त्याच कायद्याच्या मूलभूत तत्त्वांत असंही म्हटलं आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा. प्रत्यक्षात आपल्याकडे तोच बहुधा पहिला उपाय ठरतो. याचं एक कारण म्हणजे मूल सांभाळायला तयार असलेल्या आणि त्यासाठी रीतसर मान्यता मिळालेल्या कुटुंबांची संख्या फार कमी आहे. असं मान्यताप्राप्त कुटुंब कसं व्हायचं, हे या प्रकरणात पाहू.

दत्तकापासून हे किती वेगळं आहे, ते आधी नीट समजून घ्यावं लागतं, कारण बहुतेक निराशा इथेच जन्मते. दत्तक घेतलेलं मूल कायमचं आपलं होतं. त्याला आपलं नाव मिळतं, वारसाहक्क मिळतो, आणि जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं संपतं. प्रतिपालकत्वात यातलं काही होत नाही. मुलाचं आडनाव तेच राहतं. त्याचे आईवडील त्याचे आईवडीलच राहतात आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीची हरकत नसेल तर ठरावीक काळाने त्याला भेटायला येतात. तुमच्याकडे येते ती जबाबदारी: अन्न, शिक्षण, आरोग्य आणि रोजची माया. मालकी येत नाही. मूलबाळ नाही म्हणून मूल हवं आहे, अशा जोडप्याने दत्तकाच्या यादीत नाव घालावं. प्रतिपालकत्वाकडे आडवाट म्हणून पाहू नये. तसं केलं की पुढे त्या जोडप्याचंही मन मोडतं आणि मुलाचंही.

महाराष्ट्रात या कल्पनेला मोठा इतिहास आहे. १९७५ साली राज्याने बालसंगोपन योजना सुरू केली. मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवावं हाच तिचा मूळ हेतू होता. आज ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. २०२१ पर्यंत प्रत्येक मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग ११०० झाले, आणि २०२३ पासून २२५० रुपये मिळतात. मात्र या योजनेचे बहुसंख्य लाभार्थी आपल्याच एका पालकाजवळ किंवा आजीआजोबा, काका-मामांजवळ राहतात. विधवा आईला, एड्स किंवा कर्करोगाशी झगडणाऱ्या बापाला या पैशांचा आधार होतो, आणि तो व्हायलाच हवा; कोविडमध्ये तर त्याची गरज फार तीव्रतेने दिसली. पण त्यामुळे परक्या कुटुंबाने मूल सांभाळण्याची मूळ कल्पना मागे पडली. आज तालुक्याच्या गावी कुणाला बालसंगोपन म्हणालात, तर समोरचा अनुदानाचा अर्ज काढून देतो. तुम्ही अनुदान मागायला नव्हे, मूल सांभाळायला आला आहात, हे तुम्हाला स्पष्ट सांगावं लागेल.

सांगायचं ते जिल्ह्याच्या ठिकाणी. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. अर्ज, घराची चौकशी, मुलाशी जुळणी आणि नंतरची देखरेख, सगळं हाच कक्ष पाहतो. ऑनलाइन नोंदणी करायची असेल तर दत्तक प्रक्रिया हाताळणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सोय आहे; कागदपत्रं तिथे चढवली की ती जिल्हा कक्षाकडे पोचतात. शेवटचा आदेश मात्र बाल कल्याण समितीचा असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिच्या लेखी आदेशाशिवाय कोणाचंही मूल कोणाच्याही घरी प्रतिपालनासाठी जाऊ शकत नाही. ओळखीतून, दवाखान्यातून किंवा ‘एक गरीब बाई मूल द्यायला तयार आहे’ अशा निरोपातून आलेलं मूल घरी ठेवून घेऊ नका, मग हेतू कितीही चांगला असो. २०२१ च्या मे महिन्यात कोविडमुळे अनाथ झालेल्या बाळांचे फोटो आणि ‘यांना दत्तक घ्या’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. सरकारला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले, कारण अशाच वाटांनी मुलांची विक्री होते. असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करायचा.

कोण अर्ज करू शकतं? २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त विवाहित जोडप्यांनाच परवानगी होती. २०२४ मध्ये ती बदलली. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त झालेली व्यक्तीही वयाच्या ३५ पासून ६० पर्यंत अर्ज करू शकते. मूल जितकं लहान, तितकी पालकाच्या वयाची मर्यादा कडक. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही मिळू शकतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याच्या संसाराला निदान दोन वर्षं स्थिरपणे झालेली हवीत आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० हवी. मुलं मुख्यतः सहा वर्षांवरची असतात. त्याहून लहान आणि दत्तकासाठी मोकळं असलेलं मूल दत्तकच जावं असं धोरण आहे; कायदाही सांगतो की दत्तकयोग्य मुलाला दीर्घकाळासाठी प्रतिपालनात देऊ नये.

अर्जासोबत ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी असेल तर ती, कुटुंबाचा फोटो, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची शिफारस, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणीचे अहवाल लागतात. घर स्वतःचं असायलाच हवं असं नाही. श्रीमंतीही लागत नाही. मूल आलं म्हणून घरातल्या बाकीच्यांच्या ताटात कमी पडणार नाही, इतकी कमाई पुरे. हे कागद पंधरवड्यात जमवता येतात.

खरा वेळ लागतो तो गृहचौकशीला. समाजकार्यकर्ती तुमच्या घरी येते, एकदाच नव्हे, अनेकदा. ती कपाटं उघडून पाहील, स्वयंपाकघरात डोकावेल अशी धास्ती लोकांना असते, आणि ती येणार म्हणून घर लखलखीत केलं जातं. तिला पाहायचं असतं ते वेगळं. मूल झोपणार कुठे? अभ्यासाला बसणार कुठे? घरात राग कोण कसा काढतं? दारू किती, कधी? मुलांना मारता का, आणि मारता तर कशासाठी? तुम्ही लहान असताना तुम्हाला कुणी मारलं होतं, आणि त्याविषयी आज काय वाटतं? दोघं कामावर जात असाल तर चार वाजता शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार? ती नवरा-बायकोशी एकत्र बोलते, मग एकेकट्याशी, आणि तुमची मुलं असतील तर त्यांच्याशीही. ‘आईबाबा म्हणाले म्हणून’ असं उत्तर मुलांकडून आलं तर ती थांबते, आणि थांबायलाच हवं. बाराव्या वर्षी आपली खोली, आपली आई आणि आपला वाढदिवस कुणाशी तरी वाटून घ्यावा लागणं ही लहान गोष्ट नाही. सासूबाई घरात असतील तर त्यांचा होकार कागदावर लागत नसेल, तरी घर चालतं ते त्यांच्या होकारावर. त्यांना डावलून अर्ज करणाऱ्यांनी मुलाला भांडणाच्या मध्यभागी आणून बसवू नये.

आणि जातीचा प्रश्न येतो. तो टाळून हे प्रकरण लिहिणं अप्रामाणिक होईल. अर्ज करणारी कितीतरी चांगली माणसं हळू आवाजात विचारतात, मूल कुठलं, कुणाचं? मुलाची भाषा, धर्म, चालीरीती जमेल तितक्या सांभाळल्या जाव्यात हे तत्त्व मुलाच्या भल्यासाठी आहे, कुटुंबाच्या सोवळ्यासाठी नाही. घरी पावरी बोलणारी सातपुड्यातली मुलगी तुमच्याकडे आली तर तिची भाषा तिच्या तोंडी टिकावी, याची काळजी तुम्ही घ्यायची आहे. सुकट-बोंबील खाऊन वाढलेला मुलगा शाकाहारी घरात आला तर त्याचं काय करणार, याचं उत्तर चौकशीच्या वेळीच द्या. ‘हळूहळू सवय होईल’ हे उत्तर नव्हे. त्याच्या ताटातलं एकेक आधीच सुटलेलं असतं: आई, घर, मित्र. त्यात आणखी काय काढून घ्यायचं आणि काय त्याचं त्याला राहू द्यायचं, हे तुम्ही ठरवता, आणि समाजकार्यकर्ती तुमची पारख यावरूनच करते. मुलाची जात कळल्यावर ज्याचा उत्साह ओसरणार असेल, त्याने अर्ज न करणं ही त्या मुलावर केलेली दयाच आहे.

तुमच्या घराचा अहवाल तयार होत असतो तसाच दुसरीकडे मुलाचाही होतो. त्याची तब्येत, शाळा, भावंडं, घरची हकीकत, त्याला कशाची भीती वाटते, त्याला स्वतःला काय हवं आहे. मग दोन्ही अहवाल शेजारी ठेवून जुळणी करतात. म्हणून मान्यता मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल मिळालं असं होत नाही. तुम्ही चांगले पालक असाल, तरी या मुलासाठी योग्य असालच असं नाही. जुळणीत नाकारलं जाणं अपमानाचं वाटतं. पण समिती तुम्हाला मूल शोधत नसते, ती मुलाला घर शोधत असते. भावंडं असतील तर त्यांना शक्य तोवर एकत्र ठेवावं असं कायदा सांगतो. दोन किंवा तीन भावंडांना एकत्र घ्यायची तुमची तयारी असेल, तर ते अर्जातच लिहा, कारण अशी घरं सर्वांत दुर्मिळ असतात.

मग भेटी होतात. आधी बालगृहात, मग बाहेर कुठेतरी. मुलाला विचारलं जातं आणि त्याच्या म्हणण्याला वजन असतं. सगळं जुळलं की समिती आदेश काढते आणि तुमच्याकडून हमीपत्र घेते. मुदत एक वर्षापर्यंत असेल तर ते अल्पकालीन प्रतिपालन, त्याहून जास्त असेल तर दीर्घकालीन. दीर्घकालीन प्रतिपालन वेळोवेळी आढावा घेऊन मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वाढवता येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून मुलामागे महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम मुलाच्या खर्चासाठी आहे, पगार म्हणून नाही, आणि ती दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येईलच या हिशेबावर संसाराची घडी बसवू नये.

पहिले काही आठवडे बहुधा फार गोड जातात. मूल शहाण्यासारखं वागतं, न सांगता भांडी उचलतं, आणि सगळे म्हणतात, किती गुणी आहे. त्यानंतर जे सुरू होतं त्याला अनेक कुटुंबं घाबरतात. उशीखाली पोळ्या सापडतात. दहा वर्षांचं मूल अंथरूण ओलं करतं. पाकिटातले पैसे जातात. किरकोळ गोष्टीवरून आरडाओरडा होतो आणि ‘तुम्ही माझे कोणी नाही’ हे वाक्य येतं. हे बिघडलेपण नव्हे. उद्या जेवायला मिळेल याची खात्री ज्याला कधीच नव्हती, ते मूल पोळी साठवतं. मोठ्यांनी ज्याला वारंवार सोडलं, ते मूल तुम्हीही सोडता का याची परीक्षा पाहतं. पोळ्यांवरून रागावण्यापेक्षा फळीवर एक डबा ठेवावा, तो त्याचा आहे असं सांगावं आणि तो कधीच रिकामा होऊ देऊ नये. डबा भरलेला दिसत राहिला की उशीखालची शिदोरी पुढे आपोआप कमी होत जाते. एवढं करूनही झेपत नसेल तर लगेच कक्षाला कळवा आणि समुपदेशनाची मदत मागा. लपवून ठेवलेला त्रास साठत जातो आणि एक दिवस मूल परत पाठवलं जातं. ते त्याला कायम लक्षात राहतं.

रुमानियात बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेला अभ्यास इथे सांगितला पाहिजे. तिथल्या सहा संस्थांतली १३६ लहान मुलं घेऊन, त्यातली निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळणारं नातं, तिन्ही संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगलं वाढलं, आणि जी लहान वयात गेली त्यांना सर्वाधिक फायदा झाला. आपली प्रतिपालनातली मुलं त्या मुलांपेक्षा बरीच मोठी असतात, म्हणून सुधारणा हळू होते. पण होते.

मुलाने तुम्हाला काय म्हणायचं? माझं मत असं की आई असलेल्या मुलाकडून ‘आई’ म्हणवून घेण्याचा हट्ट धरू नये. काका-काकू, मावशी, आजी या नात्यांत आपल्याकडे भरपूर जागा आहे. मूल आपण होऊन आई म्हणालं तर म्हणू द्यावं, मात्र जन्मदातीच्या भेटीच्या दिवशी ते गोंधळेल हे ओळखून त्याला दोघींवर एकाच वेळी माया करायची मुभा द्यावी. या भेटी सर्वांत कठीण असतात. भेटीनंतर मूल दोन दिवस जेवत नाही, चिडतं, आणि प्रतिपालकांना वाटतं की भेटीच बंद कराव्यात. असं एकट्याने ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तुम्ही काय पाहिलं ते समितीला लिहून कळवा. भेटी कमी करायच्या, जागा बदलायची की थांबवायच्या, हे ती ठरवेल. आणि मुलासमोर त्याच्या आईबद्दल वाईट बोलू नका. तिच्यावर टाकलेला प्रत्येक शब्द मूल स्वतःवर घेतं.

दर महिन्याला तपासणी होते. तिला शेजारच्यांच्या नजरेतून पाहू नका. ‘पोलीस केस आहे का हो?’ असं कोणी विचारलं तर ‘आमच्याकडे राहायला आला आहे’ एवढं उत्तर पुरतं. कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र यांसारखी ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करायला बंदी आहे आणि शिक्षाही आहे. म्हणून वाढदिवसाचे फोटो फेसबुकवर टाकू नका. मुलाची खरी हकीकत मामे-चुलत नातेवाइकांनाही सांगायचं कारण नाही. ती त्याची आहे, मोठं झाल्यावर कोणाला सांगायची ते मूलच ठरवेल.

शाळेत अडचण येते ती बहुधा दाखल्यांची. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, आधार कार्डावर भलतंच नाव. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं. मुख्याध्यापक अडून बसले तर भांडण्याआधी समितीच्या आदेशाची प्रत पुढे ठेवा. त्या आदेशाच्या चार-पाच प्रती कायम जवळ असू द्या; दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे लागतात. ऑपरेशन किंवा परगावी जास्त दिवसांचा प्रवास असं काही असेल तर आधी कक्षाला विचारा.

शेवट तीनपैकी एका प्रकारे होतो. आईवडील पुन्हा सांभाळण्याजोगे झाले असं समितीला वाटलं तर मूल घरी जातं. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं ठरलं आणि दोन वर्षं तुमच्याकडे नीट राहिलं असेल तर तुम्ही त्याला दत्तक मागू शकता. आधी ही अट पाच वर्षांची होती. किंवा ते तुमच्या घरीच १८ वर्षांचं होतं. आपल्या गोष्टीतल्या मुलीची आई शिक्षा संपवून बाहेर आली, तर पहिली शक्यता. अशा वेळी मुलीबरोबर तिच्या आईच्या हाती काही गोष्टी द्यायच्या असतात: लसीकरणाचं कार्ड, गुणपत्रिका, दवाखान्याचे कागद, चष्म्याचा नंबर, तिला कोणतं औषध चालत नाही ते, आणि या काळातले फोटो. आईला तिच्या लेकीची मधली वर्षं ठाऊक नसतात. तेवढी तरी तुम्ही तिला देऊ शकता. समितीची आणि आईची परवानगी असेल तर पुढेही फोन, सणावारी भेट चालू ठेवावी.

त्यानंतर घर काही दिवस रिकामं वाटणं साहजिक आहे. लगेच दुसरं मूल मागायची घाई करू नये. पण सावरलात की कक्षाला लेखी कळवा की आम्ही पुन्हा तयार आहोत, कोणत्या वयाच्या मुलासाठी, किती काळासाठी. कुटुंब निवडताना क्षमता आणि इच्छेबरोबरच मुलं सांभाळल्याचा आधीचा अनुभवही पाहावा असं ४४व्या कलमातच लिहिलेलं आहे, आणि एकदा मूल वाढवून त्याच्या आईकडे नीट पोचवलेलं घर जिल्ह्याच्या यादीत असणं हे पुढच्या कित्येक मुलांच्या दृष्टीने फार मोलाचं असतं.